युरोपात एटीएममधून पैसे काढायचे तर कुठलं कार्ड, किती वेळा आणि चाट किती?

तिसरं_गेट
आई-बाबा (वय ६४ आणि ६९) सप्टेंबरात ग्रुप टूरनं पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करणार, १२ दिवस. तिथून पुढं १० दिवस जर्मनीत श्टुटगार्टला भावाकडं. हॉटेल, बस, दोन वेळचं जेवण टूरवाल्यांचं. वरखर्चाला रोख हाताशी पाहिजे. बाबांकडं दोन कार्डं आहेत: एक राष्ट्रीयीकृत बँकेचं व्हिसा डेबिट, त्यात पेन्शन येते. दुसरं इथल्याच एका सहकारी बँकेचं रुपे, बचत सगळी त्यात. सगळे पैसे इथूनच युरो करून द्यायचे, की तिथं एटीएममधून काढायचे? काढायचे तर कुठल्या कार्डानं? "बँकेत विचारा" हे उत्तर नको. विचारलं. तीन काउंटरवर तीन उत्तरं मिळाली.

वडगावचा_माग
तीनच? नशीबवान आहात.

निवृत्त_कॅशियर
आधी त्या सहकारी बँकेच्या कार्डाचा निकाल लावू. कार्ड हातात घ्या, पुढची-मागची बाजू बघा. नुसतं 'रुपे' लिहिलं असेल तर ते देशांतर्गत कार्ड, युरोपात त्याचा उपयोग शून्य. 'रुपे'सोबत डिस्कव्हर किंवा जेसीबीचं चिन्ह छापलं असेल तरच ते आंतरराष्ट्रीय. ते कार्डसुद्धा ज्या मशीनवर डिस्कव्हर, डायनर्स, पल्स किंवा जेसीबी यांपैकी जुळणारं चिन्ह आहे तिथंच चालतं. युरोपात व्हिसा-मास्टरकार्डची चिन्हं प्रत्येक मशीनवर असतात, ही शोधावी लागतात.

आपल्या बेळगाव भागात नागरी सहकारी बँकांची आणि ग्रामीण बँकेची खाती घरोघरी आहेत आणि बहुतेकांची कार्डं साध्या रुपेचीच. त्यामुळं निघायच्या पंधरा दिवस आधी त्यातली रक्कम एनईएफटीनं पेन्शन खात्यात आणून ठेवा. आदल्या दिवशी नको.

कुंदा_अर्धा_किलो
आमच्याकडं परदेश म्हणजे हद्दीपलीकडची शिनोळी. राज्य बदलतं, पिन तोच चालतो.

तिसरं_गेट
@कुंदा, तुम्ही येणार हे माहीत होतं.
@कॅशियर काका, मागं कसलंच चिन्ह नाही, नुसतं रुपे. म्हणजे व्हिसा एकच राहिलं.

मलप्रभा_काठ
एकच कार्ड घेऊन जाऊ नका, हे पहिलं. दुसरं, व्हिसा कार्ड आहे म्हणजे ते तिथं चालेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढलं, ते त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लागू झालं. तेव्हापासून नवं कार्ड फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू करून मिळतं. परदेशी वापर बंद. जुनं कार्ड कधीच परदेशात वापरलं नसेल तर त्याचाही तो वापर बँकेनं बंद केलेला असतो.

चालू करायला शाखेत जायची गरज नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या पानावर वापर किंवा मर्यादा बदलण्याचा पर्याय असतो. तिथं देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन भाग, आणि प्रत्येकात एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप अशी वेगवेगळी बटणं. आंतरराष्ट्रीयमधलं एटीएम चालू करा. दुकानात कार्ड वापरणार असाल तर तेही. ऑनलाइन बंदच ठेवा, लबाडी बहुधा तिथूनच होते.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे मर्यादा. बटण चालू केलं तरी आंतरराष्ट्रीय एटीएमची रोजची मर्यादा वेगळी असते आणि कधी कधी ती शून्यावर किंवा अगदी कमी रकमेवर बसलेली असते. मशीन 'व्यवहार नाकारला' एवढंच सांगतं, कारण सांगत नाही. माणूस मग पिन चुकला समजून तीनदा पिन घालतो आणि कार्ड खरोखरच ब्लॉक करून घेतो.

खानापूरची_पाऊलवाट
वरच्यात भर. खात्यावर दोन वर्षं ग्राहकानं स्वतः काही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय धरतात. केवायसी थकली असेल तर ते वेगळंच लफडं. पेन्शनच्या खात्यात सहसा हा प्रश्न येत नाही, पण 'दुसरं कार्ड म्हणून' लोक जुनं कुठलं तरी काढतात. सिंडिकेट बँकेच्या नावाचं कार्ड कपाटात सापडलं म्हणून खूश होऊ नका, ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली. नवं कार्ड मागवा, निघायच्या आधी इथल्या एटीएममध्ये एकदा घालून पैसे काढा. चिप चालते आणि पिन बरोबर आहे एवढं तरी कळतं.

निपाणी_चौक
एवढं सगळं करण्यापेक्षा फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्या की वो. युरो भरले की भाव तिथंच पक्का. ३.५ टक्क्यांचा मार्कअप (चलन बदलताना बँक भावावर लावते तो जादा आकार) नाही, खात्याला हात नाही, हरवलं तर तेवढंच जाणार. आजकाल डेबिट कार्डानं परदेशात पैसे काढणं म्हणजे खिशाला भोक पाडून फिरणं.

आकडेमोड
भोक किती मोठं ते बघूया. हिशोब सोपा जावा म्हणून युरो १०० रुपयांना धरतो, खरा भाव त्या दिवशीचा घ्या.

२०० युरो काढले, म्हणजे २०,००० रुपये. बँकेचा परकीय चलन मार्कअप ३.५ टक्के धरला तर ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६. परदेशी एटीएमचा ठोक आकार १२५ धरूया (बँकेगणिक फरक असतो, आपल्या बँकेचं दरपत्रक बघा), त्यावर जीएसटी २२.५०. एकूण ९७३.५०. जवळपास ४.९ टक्के.

तेच २०० युरो ४०-४० करून पाच वेळा काढले तर मार्कअप तोच, ८२६ जीएसटीसकट. पण ठोक आकार पाचदा, ७३७.५०. एकूण १,५६३.५०, म्हणजे ७.८ टक्के. पैसे तेवढेच, ५९० रुपये वाऱ्यावर. आणि यात तिथल्या मशीनवाल्याचं स्वतःचं भाडं धरलेलं नाही, ते असेल तर तेही पाचपट.

नुसती शिल्लक बघितली तरी परदेशात बऱ्याच बँका २५ रुपयांच्या आसपास आणि वर जीएसटी लावतात. शिल्लक ॲपमध्ये बघा.

निपाणी_चौक
म्हणजे माझंच खरं. फॉरेक्स.

आकडेमोड
अर्धं खरं. फॉरेक्स कार्डात युरो भरताना जो भाव लावतात त्यातच त्यांची कमाई बसलेली असते, ती टक्क्यात दिसत नाही म्हणून फुकट वाटते. त्या दिवशीचा बाजारभाव आणि त्यांचा भाव शेजारी ठेवा, मग कळेल. वर चलन बदलल्याचा जीएसटी: १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्क्यावर १८ टक्के, पण ते मूल्य किमान २५० रुपये धरतात. म्हणून २०,००० भरले तरी ४५ रुपये, ५०,००० ला ९०, १ लाखाला १८०. नोटा विकत घेतल्या तरी हाच जीएसटी. शिवाय कार्ड देण्याचा आकार, पुन्हा भरण्याचा आकार आणि एटीएममधून काढताना दर वेळी दोनेक युरोचा आकार.

सांबरा_धावपट्टी
आणि स्वित्झर्लंडचं काय? तिथं युरो नाही, स्विस फ्रँक. युरो भरलेल्या कार्डातून फ्रँक काढले की एका चलनातून दुसऱ्यात नेण्याचा आकार पडतो, तो बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्क्यांच्या घरातच असतो. ज्यापासून पळालात तेच गाठ पडलं. स्वित्झर्लंडला जायचं तर कार्डात थोडे फ्रँक वेगळ्या कप्प्यात भरून घ्या. आणि मशीन चलन विचारेल तेव्हा नीट वाचा: तिथल्या बऱ्याच एटीएमना फ्रँक आणि युरो दोन्ही देता येतात. फ्रँक हवे असताना युरोचं बटण दाबलं की पुन्हा बदलायची वेळ येते. टूर पुढं प्राग किंवा बुडापेस्टला जाणारी असेल तर तिथंही युरो नाही, कोरुना आणि फोरिंट. क्रोएशियात मात्र २०२३ पासून युरोच आहे.

निपाणी_चौक
@सांबरा, फ्रँकचं मान्य. पण भाव पक्का राहतो हा फायदा तुम्ही दोघांनी सोडलाच.

आकडेमोड
२२ दिवसांत रुपया किती हलतो वो? वर्षभराच्या शिक्षणाचे पैसे असते तर गोष्ट वेगळी.

हत्तरगी_नाका
तुमचं युद्ध चालू द्या. पण खरी चाट ना मार्कअपमध्ये आहे ना फॉरेक्सच्या भावात. ती मशीनच्या पडद्यावर आहे आणि तिच्याबद्दल अजून कुणी बोललंच नाही.

परदेशातलं एटीएम कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून ओळखतं की हे भारतातलं कार्ड. मग ते म्हणतं, "तुमच्या खात्यातून थेट रुपयांत कापू का? भाव अमुक." याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, तोंडी डीसीसी. दिसायला सोय: रुपयांत आकडा दिसतो, माणसाला बरं वाटतं. पण तो भाव व्हिसाचा नाही, तुमच्या बँकेचा नाही, मशीनवाल्याचा आहे. त्याला आणि चलन बदलणाऱ्या कंपनीला त्यात वाटा असतो. ५ टक्के वर असेल, १२ टक्केही असेल. २०० युरोला २०,००० ऐवजी २२,४०० कापले तर वरच्या सगळ्या हिशोबाची काय किंमत राहिली? ठोक आकार तर आपली बँक लावणारच आहे. क्रेडिट कार्डावर काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर १ टक्का वेगळाच लावतात.

आता पडद्यांचा क्रम, कारण गोंधळ तिथं होतो. एक पडदा म्हणतो, या मशीनचं भाडं इतके युरो, मान्य आहे का? तिथं 'मान्य' दाबल्याशिवाय पुढं जाता येत नाही, नसेल मान्य तर कार्ड काढून दुसरं मशीन बघायचं. दुसरा पडदा म्हणतो, रुपयांत बदलून देऊ का? तिथं नाकारा दाबायचं. इंग्रजीत 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'विदाउट कन्व्हर्जन' लिहिलेलं असतं. पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही. लोक पहिल्या पडद्यावर 'मान्य' दाबून आलेले असतात, बोट त्याच जागी असतं, दुसऱ्यावरही आपोआप 'मान्य' पडतं. मशीन बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. काही ठिकाणी 'मान्य' हिरवं आणि ठळक, 'नाकारा' कोपऱ्यात करड्या रंगात.

'नाकारा' दाबलं तर व्यवहारच रद्द होईल ही भीती मनातून काढा. पैसे येतात, युरोतच कापले जातात, रुपयांत बदल व्हिसाच्या भावानं आपली बँक करते. काही मशीनं दुसऱ्यांदा विचारतात, "नक्की ना? भावाची हमी नाही." पुन्हा नाही.

दुकानातलं कार्ड मशीनही हेच विचारतं. तिथंही युरोच.

मलप्रभा_काठ
हा प्रतिसाद छापून बाबांच्या पासपोर्टच्या कव्हरात घाला.

तिसरं_गेट
घालतोच. 'पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही' आईनं आत्ताच पाठ केलं.
मशीन कुठलं निवडायचं पण?

हत्तरगी_नाका
बँकेचं. बँकेच्या इमारतीत, दाराच्या आत असलेलं. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडल्यावर समोर पहिलं जे दिसतं, पर्यटकांच्या चौकात आइस्क्रीमच्या दुकानाशेजारी जे भडक उजेडाचं उभं असतं, हॉटेलच्या लॉबीत जे असतं, ती बहुतेक खाजगी कंपन्यांची. भाडंही तिथंच जास्त आणि डीसीसीचा भावही तिथंच वाईट. जर्मनीत श्पारकासं, फोक्सबांक, कॉमर्ट्सबांक अशा नावांच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, इटलीत आणि फ्रान्समध्येही बँकांच्या शाखा भरपूर. बँकेचं मशीन भाडं लावणारच नाही असं नाही, पण पडद्यावर आकडा दिसतो, पटला नाही तर उठायचं.

आणि शाखा उघडी असण्याच्या वेळी काढा. कार्ड अडकलं तर आत माणूस असतो.

कुंदा_अर्धा_किलो
बेळगावात मशीनवर मराठीचं बटण शोधायची सवय आहे, तिथं जर्मन दिसलं म्हणून कोण घाबरतंय.

वडगावचा_माग
😂 हा मात्र वर्मी बसला.

निवृत्त_कॅशियर
गंमत बाजूला, भाषेचं सांगतो. कार्ड घातलं की बहुतेक मशीनं भाषा विचारतात, झेंडे असतात. ब्रिटनचा झेंडा दाबा. मग पिन. काही मशीनं सहा आकड्यांची जागा दाखवतात; आपला चार आकडी पिन घालून हिरवं बटण दाबायचं, पुढं शून्यं लावू नका. नंतर कधी कधी खात्याचा प्रकार विचारतात: चेकिंग, सेव्हिंग्ज, क्रेडिट. डेबिट कार्डाला सेव्हिंग्ज दाबा, नाही झालं तर चेकिंग. फॉरेक्स कार्डाला चेकिंग किंवा क्रेडिट लागतं, देणाऱ्या बँकेच्या माहितीपत्रकात असतं. दोनदा नाकारलं की थांबा. तिसऱ्यांदा त्याच मशीनवर हट्ट नको.

पिन आकड्यांतच लक्षात ठेवा. पुष्कळांच्या बोटांना बटणांच्या जागेची सवय असते आणि पडद्यावर पिन घालायच्या मशीनवर आकडे कधी कधी उलटसुलट मांडलेले येतात.

पैसे आले की काही देशांत आधी नोटा बाहेर येतात आणि कार्ड नंतर. इंडोनेशिया, व्हिएतनामकडं हा प्रकार जास्त. नोटा मोजत माणूस चालू पडतो, कार्ड तसंच राहतं, अर्ध्या मिनिटात मशीन ते गिळतं.

दुबई_बेळगाव_दुबई
आखाताचं कुणीतरी लिहा. आमच्या गल्लीतले निम्मे तिकडं. दिरहमचा भाव डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५. त्यामुळं तिकडं जाणाऱ्यानं कार्डात डॉलर भरले तरी भावाचं नुकसान फारसं नाही, पण एका चलनातून दुसऱ्याचा आकार बसतोच, म्हणून दिरहमचा कप्पा असलेलं कार्ड बघा. बाकी तिकडं दुकानात कार्ड चालतं, अनेक ठिकाणी यूपीआयही.

निपाणी_चौक
यूपीआय फ्रान्समध्येही आहे म्हणे.

सांबरा_धावपट्टी
काही मोजक्या ठिकाणी. दुकानात पैसे द्यायला. यूपीआयनं तिथल्या एटीएममधून नोटा येत नाहीत, धाग्याचा विषय रोख आहे.

खानापूरची_पाऊलवाट
विषय रोखच आहे तर मूळ प्रश्नाला फाटा मारतो: एवढी रोख लागते कशाला? पॅरिस, स्वित्झर्लंडमध्ये कॉफीपासून ट्रामच्या तिकिटापर्यंत कार्ड टॅप होतं. स्वीडनसारख्या देशात तर रोख घेत नाही अशी पाटीच असते. जर्मनीत मात्र अजून रोखीचा जोर आहे. बेकरी, छोटी खाणावळ, आठवडी बाजार इथं 'फक्त रोख' दिसतं. पण तिथं तर भाऊ आहे. टूरच्या १२ दिवसांत दोघांना स्वच्छतागृह (५० सेंट ते १ युरो, बहुधा नाणी लागतात), पाणी, एखादं आइस्क्रीम, मार्गदर्शकाची टीप. दीडशे-दोनशे युरो रोख खूप झाले. खरेदी कार्डावर.

हत्तरगी_नाका
सहमत. आणि त्या हिशोबानं १५० युरो इथूनच नोटांत घेऊन जावेत, एटीएम लागलंच तर एकदा, जर्मनीत.

आकडेमोड
मी पण. हिशोबानंच तिथं पोचतो आपण. नोटा घेताना ५० च्या कमी आणि १०-२० च्या जास्त मागा. तिथल्या एटीएममधून काढायची वेळ आली तर २०० नको, १९० टाका. २०० ला चार पन्नासच्या हातात येतात, १९० ला मशीनला नाइलाजानं सुट्टे द्यावे लागतात.

इथं नोटा विकत घ्यायला पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतं. रोख रुपये देऊन ५०,००० पर्यंतच घेता येतं, वरचं चेकनं किंवा खात्यातून. एका प्रवासाला नोटांच्या रूपात कमाल ३,००० डॉलरइतकं (इराक, इराण, रशिया असे थोडे अपवाद सोडून). परवानाधारक चलन विक्रेत्याकडूनच घ्या, पावती जपा. गोवा किंवा बंगळूरच्या विमानतळावर घ्यायचं ठरवू नका, तिथला भाव बघून आपला गोड कुंदाही कडू लागेल. गावातच दोन-तीन ठिकाणी फोन करून "दीडशे युरो, सगळं धरून हातात किती पडतील" एवढंच विचारा.

कुंदा_अर्धा_किलो
कुंद्याला मध्ये आणू नका.

उचगाव_मळेकरीण
टीसीएसचं (पैसे देतानाच गोळा करतात त्या कराचं) काय? व्हॉट्सॲपवर फिरतंय की परदेशात पैसे काढले की २० टक्के कापतात.

निवृत्त_कॅशियर
अर्धवट ऐकीव माहिती. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा परदेशी खर्च एलआरएस योजनेत (परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) मोजतात. त्या योजनेची मर्यादा आर्थिक वर्षाला माणशी २,५०,००० डॉलर. टीसीएस लागतो तो वर्षभराची बेरीज १० लाखांच्या वर गेली तर वरच्या रकमेवर, प्रवासासाठी २० टक्के. ही १० लाखांची रेघ १ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ७ लाख होती. आणि तो आयकर विवरणपत्रात वजा करून मिळतो. दीडशे युरोवाल्यानं त्याची झोप उडवून घेऊ नये. टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो टूरवाल्याच्या बिलात दिसेल.

वडगावचा_माग
क्रेडिट कार्डानं काढले तर? मार्कअप नसलेलं कार्ड मिळतं म्हणे.

आकडेमोड
खरेदीला चांगलं, रोखीला नको. क्रेडिट कार्डावर रोख काढली की बहुतेक बँकांत साधारण २.५ टक्के किंवा किमान ५०० रुपये आकार, आणि व्याज त्याच दिवसापासून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. खरेदीसारखी मुदत मिळत नाही. मार्कअप शून्य असला तरी हे चुकत नाही. मार्कअप नसलेली डेबिट कार्डंही काही बँका देतात. वारंवार जाणाऱ्यानं तसं एक खातं उघडलेलं बरं. तुमच्या बाबांना एका सहलीसाठी नको तो खटाटोप.

गणेशपूर_वळण
धागाकर्त्यानं भावाचं जर्मन कार्डच बाबांना द्यावं, सगळे आकार वाचतील.

मलप्रभा_काठ
नको. दुसऱ्याला पिन सांगणं हे बँकेच्या अटींत बसत नाही. काही झालं तर जबाबदारी सगळी भावावर. भावानंच १०० युरो काढून बाबांच्या हातात ठेवावेत, त्याला कुठला कायदा आडवा येतोय?

तिसरं_गेट
😅 एवढं साधं सुचलं नाही बघा.
बाबांच्या खात्याला नंबर माझा जोडलाय. काही अडचण?

मलप्रभा_काठ
एटीएमला ओटीपी लागत नाही, पिनवर काम होतं. पण बँकेचं ॲप ज्या फोनमध्ये नोंदलेलं सिम आहे तिथूनच चालतं. म्हणजे बाबांना तिथं मर्यादा बदलता येणार नाही, कार्ड बंद-चालू करता येणार नाही. ते तुम्ही इथून करायचं. उलट बघितलं तर सोयीचंच: पैसे कापल्याचा मेसेज तुम्हाला इथं येणार. त्यांनी काढले नाहीत आणि मेसेज आला तर लगेच कार्ड बंद करा आणि बँकेकडं तक्रार नोंदवा. दुसऱ्याच्या लबाडीनं गेलेल्या पैशाची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम. चार ते सात दिवसांत केली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत आपल्यावर. पिन स्वतः कुणाला सांगितला असेल तर मात्र तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलंच.

रोजची मर्यादा बहुतेक बँकांत भारतीय घड्याळानं पालटते. सप्टेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे तिथल्या रात्री साडेआठला आपल्याकडं नवा दिवस. संध्याकाळी नाकारलं आणि साडेनऊला चाललं, तर त्यात जादू काही नाही.

उचगाव_मळेकरीण
खात्यातून कापले आणि मशीनमधून आलेच नाहीत तर? इथं पाच दिवसांत परत येतात.

निवृत्त_कॅशियर
तो नियम परदेशाला लागू नाही, हे नीट ध्यानात घ्या. पाच दिवस आणि नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई, हे २०१९ चं परिपत्रक फक्त दोन्ही टोकं भारतात असलेल्या व्यवहारांचं. परदेशी मशीनची तक्रार आपल्याच बँकेकडं करायची, ती व्हिसाच्या वाटेनं मशीनवाल्या बँकेकडं दावा लावते, त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने. तिथल्या बँकेत जाऊन भांडून उपयोग नाही, ते आपल्याला ग्राहक मानत नाहीत.

म्हणून पुरावा जागेवरच: मशीनवर चिकटवलेला क्रमांक आणि पत्ता यांचा फोटो, वेळ, पडद्यावरचा मजकूर, पावती आली तर तीही. पैसे अर्धे आले तर आलेले तिथंच मोजून घ्या. नोटा समोर येऊन पडल्यावर उशीर केला तर मशीन आत ओढून घेतं, तोही प्रकार याच वाटेनं सोडवावा लागतो.

कार्डच गिळलं तर शाखेत विचारा, पण परदेशी कार्ड बऱ्याचदा परत देत नाहीत. वाट न बघता इथून ब्लॉक करा. आणि म्हणूनच दुसरं कार्ड: वेगळ्या खात्याचं, जमलं तर मास्टरकार्ड, आणि आईच्या पर्समध्ये. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवणं म्हणजे एकच कार्ड असणं.

सांबरा_धावपट्टी
कार्ड घालण्याची खाच हलवून बघा. कार्डाची माहिती चोरायला वर चिकटवलेलं काही असेल तर हलतं. पिन घालताना दुसरा हात वर धरा. आणि "मदत करू का" म्हणत जवळ येणारा, कितीही सुटाबुटातला असला तरी, त्याला नमस्कार करून कार्ड काढून निघा.

तिसरं_गेट
ठरलं ते असं. १५० युरो आणि ५० फ्रँक इथून नोटांत. व्हिसा कार्डाचं आंतरराष्ट्रीय एटीएम आणि दुकान चालू, मर्यादा ३०,०००. आईच्या नावचं दुसऱ्या बँकेचं मास्टरकार्ड मागवलंय. फॉरेक्स कार्ड नाही (@निपाणी_चौक, माफी). भारतीय रुपये किती नेऊ देतात? परतताना बंगळूरला टॅक्सीला लागतील.

निपाणी_चौक
माफ केलं. पुढच्या वेळी डॉलरच्या देशात जाताना विचारा.

निवृत्त_कॅशियर
२५,००० पर्यंत. पण तिथं ते बदलायला जाऊ नका, भाव फार वाईट मिळतो. दोन-तीन हजार पुरे.

तिसरं_गेट
उरलेले युरो?

आकडेमोड
२,००० डॉलरइतक्या नोटा ठेवून घेता येतात, त्यावरचं १८० दिवसांत परत विकायचं. तुमचं काही तेवढं उरत नाही. विकताना भाव खालचा मिळतो, म्हणून पुढच्या खेपेला ठेवलेले बरे. ते उतरल्या दिवशी आंतरराष्ट्रीय बटण बंद करायला मात्र विसरू नका. नाणी कुणीच विकत घेत नाही, ती ठेवायला मर्यादाही नाही.

कुंदा_अर्धा_किलो
नाणी गाडीच्या कप्प्यात ठेवा. रेल्वेचं तिसरं गेट पडलं की मोजत बसायला होतात.